पाय हलवायचा नाही

या, बसा. मी उठत नाही म्हणून राग मानू नका. वन्संनी तुम्हाला फोन केला असणार, तोही मला न विचारता. आमच्या घरात सगळं असंच चालतं. तुम्ही व्यायाम करून घ्यायला आलात हे मला कळतंय, पिशवीतून डोकावणारी ती रबरी पट्टीही दिसतेय. पण ती तूर्तास पिशवीतच असू द्या. खुर्ची ओढून घ्या, माझ्या डाव्या बाजूला. उजवीकडे नको. अंधारून आलंय, तेव्हा कोपऱ्यातला तो छोटा दिवा लावा. मोठा नको, डोळ्यांवर येतो.

भाजले कशी ते आधी सांगते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. मी एका मोठ्या लाँड्रीत इस्त्रीला होते. हॉटेलांच्या चादरी, पडदे, टेबलक्लॉथ असलं सगळं आमच्याकडे यायचं. नवरा गेल्यापासून घरात आम्ही दोघीच, मी आणि वन्सं, म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. त्या बोलतात आणि मी ऐकते, अशी आमची कामाची वाटणी आहे. त्या दिवशी मी राहिलेले टेबलक्लॉथ आणायला मागच्या खोलीत गेले. बॉयलरच्या पाइपाचा एक जोड बरेच दिवस सूं सूं करत होता. आम्हा सगळ्यांना त्या आवाजाची इतकी सवय झाली होती की तो बंद झाला असता तरच आम्ही वळून पाहिलं असतं. तो जोड सुटला आणि उकळतं पाणी माझ्या कमरेपासून खाली आलं. ओरडल्याचं मला आठवत नाही. टेबलक्लॉथ भिजू नयेत म्हणून मी ते दोन्ही हातांनी डोक्यावर धरून उभी होते, असं पुढे सगळे सांगायचे आणि हसायचे. मीही हसायचे.

जळितांच्या वॉर्डात मला काचेच्या खोलीत ठेवलं. ती खोली मुद्दाम उबदार ठेवतात, कारण कातडी नसलेल्या माणसाला थंडी फार वाजते. पांढऱ्या मलमाचा वास, भिंतीतल्या यंत्राची घरघर, आणि येईल त्याच्या तोंडाला मास्क. माणसांचे नुसते डोळे दिसायचे. औषधांनी मला सदा गुंगी असायची, त्यामुळे ते डोळे खोलीत तरंगत येतात आणि तरंगत जातात असं वाटायचं.

डॉक्टर तरुण होते. काही लपवून ठेवायचा त्यांचा स्वभाव नव्हता.

"पोट आणि डावा पाय तुमच्याच पाठीच्या कातडीनं झाकू," ते म्हणाले. "उजव्या मांडीला ती पुरणार नाही. पाठ भरून आली की पुन्हा तिथूनच घेऊ. पण तोवर मांडी उघडी ठेवली तर जंतू शिरतील, आणि मग माझ्या हातात फार काही उरणार नाही."

"मग?"

"तोवर दुसऱ्या कुणाची तरी लावू. दान केलेली."

ते गेल्यावर ड्रेसिंगच्या मोठ्या सिस्टरांनी मला नीट समजावलं. माणूस गेल्यावर घरच्यांनी हो म्हटलं, तर मांडीवरून आणि पाठीवरून पापुद्र्यासारखी पातळ कातडी काढून घेतात. ती ग्लिसरीनमध्ये बुडवून थंड कपाटात ठेवतात, तिच्या तपासण्या करतात, आणि लावायच्या आधी सलाइनमध्ये खळबळून धुतात.

"म्हणजे आमच्या लाँड्रीसारखंच की," मी म्हटलं.

"इस्त्री तेवढी नसते," सिस्टर म्हणाल्या.

कुणाची असणार, हेही मी विचारलं. त्या म्हणाल्या, ते आम्हालाही कळत नाही, बाटलीवर नुसता नंबर असतो. "तुमच्याकडे पाहुणी आलीय असं समजा. तीनेक आठवडे राहील. मग तुमचं शरीरच तिला नको म्हणेल आणि ती आपली सुटून येईल. तोवर एकच नियम. पाय हलवायचा नाही. तुमच्या बारीक रक्तवाहिन्या खालून तिला धरू बघत असतात. पाय हलला की ती सरकते, आणि सरकली की गेली."

ऑपरेशन झालं. गुडघ्यामागे फळी बांधून त्यांनी माझा पाय सरळ केला, मांडीवर कापसाचे जाड थर दिले आणि वरून पट्ट्या गुंडाळल्या. मी पाय हलवला नाही. दिवसभर छताकडे बघत दगडासारखी पडून राहायचे. वन्सं म्हणायच्या, "इतकं शहाण्यासारखं तू जन्मात वागली नव्हतीस."

पहिल्यांदा ते झालं तेव्हा दुपार होती. जेवणं उरकली होती, पडदे ओढलेले होते आणि खोलीत पिवळट उजेड साचला होता. मी अर्धवट झोपेत होते. तेवढ्यात उजव्या मांडीवर काहीतरी टेकलं. हलकेच, आधी अंदाज घेत, मग पूर्ण भार टाकून. मला वाटलं, सिस्टरांनी काही ठेवलं असेल. डोळे उघडून पाहिलं तर पट्ट्यांखेरीज तिथं काहीच नव्हतं. पण ओझं होतं. गोल, उबदार, आणि श्वासागणिक जरासं वरखाली होणारं.

मांडीवर झोपलेल्या मुलाचं डोकं किती जड असतं, हे मला ठाऊक असायचं कारण नव्हतं. मला मूल झालं नाही. झालं नाही म्हणून मी खूप रडलेय, आणि नंतर रडणं सोडूनही खूप वर्षं झाली होती. तरी ते काय आहे हे मला लगेच कळलं. मला कळलं म्हणण्यापेक्षा मांडीला कळलं. तिला त्याची सवय होती.

घाबरायला हवं होतं, पण मी घाबरले नाही. मला ते ओझं आवडलं, सरळ सांगते. चहाच्या गाड्याचा खडखडाट कॉरिडॉरमध्ये ऐकू आला तसं ते अलगद उचललं गेलं, आणि मांडी गार पडली.

दुसऱ्या दिवशी ड्रेसिंग सोडताना सिस्टर थांबल्या. कापसात एक खळगा पडला होता, वाटीएवढा.

"पायावर काय ठेवलं होतंत?"

"काही नाही."

त्यांनी वन्संकडे पाहिलं. वन्संनी आपली पिशवी पोटाशी धरली. "माझ्याकडे काय बघता? मी तर खुर्चीतून हललेसुद्धा नाही."

मग ते रोजचंच झालं. दुपारी पडदे ओढले की ते यायचं. आधी चहापर्यंत थांबायचं. मग चहा येऊन जायचा तरी असायचं. मग दिवे लागेपर्यंत. मी सकाळपासून दुपारची वाट बघायला लागले. कधी मनातल्या मनात त्याच्याशी बोलायचे, आज काय केलंस, कुठं खेळलास, असलं काहीबाही. उत्तर यायचं नाही, पण मांडीवर जरा कूस बदलल्यासारखं व्हायचं.

तीन आठवडे उलटले. पाहुणी सुटली नाही. डॉक्टर वाकून वाकून बघायचे. तिचा रंग गुलाबी होता आणि कडा घट्ट धरलेल्या होत्या. "तुमच्या शरीराला ही परकी वाटतच नाही," ते म्हणाले. "बरंच झालं. पाठ भरून यायला अजून वेळ आहे. तोवर तुमची सगळी भिस्त हिच्यावर."

सिस्टर म्हणाल्या, "पाहुणी रमली."

त्याच दुपारी त्या माझ्याजवळ टेकल्या होत्या, जरा दमलेल्या. सहज बोलल्यासारखं म्हणाल्या, "खाली मुलांच्या वॉर्डात एक पोरगी आहे. पाचेक वर्षांची असेल. काही आजार नाही, सगळ्या तपासण्या चांगल्या आहेत. दुपारी झोपते आणि उठतच नाही. आधी संध्याकाळी उठायची, मग रात्री. आता तर दुसरा दिवस उजाडतो. आजी बिचारी उशाशी बसून हाका मारत असते. काल दुपारी झोपलीय ती अजून उठली नाही. नळीतून दूध घालतायत. डॉक्टर म्हणतात, असंच खोल जात राहिली तर..."



"आई कुठंय तिची?"

"मध्यंतरी गेली. डोक्याला मार लागून. डोळे, कातडी, सगळं दिलं आजीनं. सून होती, पण मुलीसारखी केली होती म्हणते. ही पोरगी आईच्या मांडीवर डोकं ठेवल्याशिवाय कधी झोपायचीच नाही. आई गेल्यावर तर झोपच उडाली होती तिची."

"मग आता इतकी झोपते ती कधीपासून?"

सिस्टरांनी आठवून पाहिलं. "तुमचं ऑपरेशन झालं ना, त्याच आठवड्यात आणली." आणि बोलता बोलता त्यांची नजर माझ्या मांडीवर गेली. कापसातल्या खळग्यावर. आदल्या दुपारपासून तो भरून आलाच नव्हता. त्या उठल्या आणि निघून गेल्या.

त्यानंतर मी खोलीत एकटीच होते. म्हणजे, एकटी नव्हते. ओझं मांडीवर होतं, आदल्या दुपारपासून तसंच. मी सुखात रात्र काढली होती. खाली कुणीतरी आजी हाका मारतेय आणि पोरगी माझ्याजवळ झोपलीय, हे मला माहीत नव्हतं. आता माहीत झालं होतं.

"बाळा, ऊठ," मी म्हटलं.

काही नाही. संथ श्वास.

"ऊठ गं... आजी बोलावतेय."

कूस बदलली, आणि डोकं मांडीत आणखी घुसलं. आईजवळून उठायचं नसलं की मुलं घुसतात तसं. तेव्हा मात्र मला भीती वाटली. एवढीशी हालचाल, पण तिच्यात इतकी निवांत, इतकी खोल झोप होती की ती परत वर येईल असं वाटेना.

उपाय मला दिसत होता. मांडीवर झोपलेल्या मुलाला उठवायचं झालं तर आई काय करते? पाय काढून घेते. एवढंच. पण माझी सगळी भिस्त त्या पायावर होती. पाठ अजून ओली होती. पाहुणी गेली तर झाकायला काही नव्हतं, आणि उघड्या मांडीचं काय होतं ते डॉक्टरांनी मला स्पष्ट सांगितलं होतं. मला मरायचं नव्हतं हो. कुणी नाही माझं मागे रडायला, एक वन्सं सोडून, तरीही मला मरायचं नव्हतं. आणि खरं सांगू का, ते ओझं जावं असंही मला वाटत नव्हतं. मी बराच वेळ पडून राहिले. पडद्यामागचा उजेड पिवळ्याचा तांबूस झाला. मांडीवरचा श्वास हळूहळू लांबत चालला होता. दोन श्वासांच्या मध्ये मी वाट बघायला लागले.

मग एकदा फारच वाट बघावी लागली.

मी हात लांबवून फळीच्या गाठी सोडल्या आणि गुडघा पोटाशी ओढून घेतला.

ओल्या फरशीवरून ओलं कापड सरकावं तशी पाहुणी सरकली. मला ते कळलं. आधी गार लागलं आणि मग आग झाली. पट्ट्यांवर लाल पसरत गेलं. आणि खालच्या मजल्यावर, माझ्या खिडकीच्या बरोबर खाली, एक मूल भोकाड पसरून रडायला लागलं. झोपमोड झाली की रडतात तसं, रागानं.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. ताप, बर्फाच्या पिशव्या, तरंगणारे डोळे. डॉक्टर चिडले होते, पण रात्रंदिवस झटले. शेवटी जेमतेम भरलेली पाठच पुन्हा खरवडून त्यांनी मांडी झाकली. कशीबशी निभावले. पाहुणीचा काही भाग उरला नाही, असं सिस्टरांनी मला दोनदा सांगितलं, मी न विचारताच.

घरी सोडल्यावर तपासणीसाठी जायचे तेव्हा एकदा बाकावर माझ्या शेजारी एक आजी येऊन बसली. बरोबर मुलगी होती. आजी म्हणाली, आता झोप छान आहे, फक्त दाखवायला आणलंय. पोरगी माझ्या गुडघ्यांकडे बघत उभी होती. मग सरळ आली आणि माझ्या उजव्या मांडीवर डोकं ठेवून आडवी झाली. वजन तेच होतं. तसूभरही फरक नाही.

"अगोबाई," आजी म्हणाली. "ही कुणाकडे जात नाही हो."

पोरीनं वर न बघता, मला एकटीलाच ऐकू येईल असं म्हटलं, "तू लाथ मारलीस."

"हो," मी म्हटलं. "लागलं का?"

"मला नाही. आईला."

आजीनं आणि मी एकमेकींचे फोन नंबर घेतले. कधीमधी बोलायचो, पोरीच्या खाण्यापिण्याबद्दल, शाळेबद्दल. आणि घरी दुपारी मी या खुर्चीत पाय लांब करून टेकले की ओझं पुन्हा येऊ लागलं. कातडी आता माझीच होती, पण मांडीला सवय लागली होती म्हणा. पट्ट्या नव्हत्या, त्यामुळे आता ठसाही दिसायचा. उशीची सुरकुती गालावर उमटते ना, तसा कानाचा ठसा. छोटासा, सगळ्या वळणांसकट. मी चहाच्या वेळेला न चुकता उठायचे. कितीही जिवावर आलं तरी पाय काढून घ्यायचे, मग ठसा विरून जायचा, आणि कुठंतरी एक पोरगी उठून दूध प्यायला बसायची. आमचं दोघींचं ते ठरल्यासारखं झालं होतं. वन्संना वाटायचं, मला चहाचं व्यसन लागलंय.

काल माझा डोळा लागला.

वन्सं बाहेर गेल्या होत्या, उठवायला कुणी नव्हतं. जाग आली तेव्हा या खोलीत आत्ता आहे एवढाच उजेड होता. पाय जड होता. नेहमीपेक्षा जड. मी साडी वर सरकवून पाहिलं. गुडघ्याजवळ तो छोटा कान होता. आणि त्याच्या वर, त्याला लागूनच, दुसरा. मोठ्या माणसाचा. त्याच्या पाळीवर कर्णफुलाचा बारीक गोल उमटला होता.

मी पाय घेतला, सोडला, पुन्हा घेतला. ठसे हलले नाहीत. तसाच आजीला फोन लावला.

"झोपलीय हो दुपारपासून," आजी म्हणाली. "आज पुन्हा... थांबा, उठवते."

तिनं फोन ठेवला नाही. मला ऐकू येत होतं. ती हाका मारत होती, आधी हळू, मग मोठ्यानं. इकडे मी गुडघा उचलून उचलून आपटत होते, भरलेली कातडी फाटेल इतका. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग पलीकडे पावलं वाजली आणि फोनवर पेंगुळलेला आवाज आला.

"उठले मी. आपटू नकोस गं."

मी रडायलाच लागले. "शहाणी माझी," मी म्हटलं. "दूध पी हं आता."

"हो. पण आईला उठवू नकोस." ती जांभई देत होती. "ती माझ्यामागोमाग आली. खूप दमलीय. तिला कुणी मांडी देत नाही."

छोटा कान माझ्या डोळ्यांदेखत विरून गेला. आज दुपारी आजीचा फोन होता. पोरगी शाळेत गेली, डबा संपवून आली. तिची काळजी नाही आता.

वन्सं ओरडतायत, डॉक्टरही फोनवर ओरडले. असाच पाय धरून बसलात तर गुडघा आखडेल, कायमचा. तेव्हा म्हणाले हलवू नका, तर मी हलवला. आता म्हणतायत हलवा. त्यांचं बरोबरच आहे, आणि तुमचंही. पण एकदा मी तिला लाथ मारलीय, काल आपटलंयही. पुन्हा होणार नाही माझ्याच्यानं.

विश्वास बसत नाही ना? नसू दे. तुमचा हात द्या इकडे. हा असा, मांडीच्या जरा वर, टेकवू नका, नुसता धरा. लागतेय ना ऊब? आता हळूच खाली...

का हो, हात का मागे घेतलात?

केस आहेत ते. कालपासून मीही दोनदा दचकले. हलकेच ठेवा, कपाळावर येतात तिच्या, तेवढे मागे सारा. आणि जाताना दिवा घालवून जा.